कुमारवयीन वाचक आणि मराठी कादंबरी : शिफारशीचे स्वरूप व निकष

प्रास्ताविक

पदवीच्या प्रथम वर्षाला मराठी विषय शिकवताना एक उणीव अध्यापकांच्या वारंवार निदर्शनास येते. अभ्यासक्रमात नेमलेली कादंबरी ही वर्गातील अनेक विद्यार्थ्यांनी हाती घेतलेली पहिलीच संपूर्ण कादंबरी असते. कथानक, निवेदक, वातावरण या संज्ञा त्यांना कादंबरीच्या अनुभवाआधी भेटतात. परिणामी कादंबरीऐवजी तिच्यावरील गाईड वाचले जाते. या उणिवेचे खापर बहुधा दूरचित्रवाणी आणि मोबाईल यांच्यावर फोडले जाते. तथापि त्याआधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. अकरा ते सोळा या वयात या विद्यार्थ्याला कोणी, कोणती कादंबरी आणि का सुचवली होती? बहुतेकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर नकारात्मक येते. कुमारवयीन वाचकाला कादंबरीची शिफारस करणे म्हणजे नेमके काय, तिचे निकष कोणते आणि महाविद्यालयीन अध्यापकाचा त्यात काय वाटा असू शकतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शिफारस आणि यादी यांतील भेद

शालेय पाठ्यपुस्तकातून कादंबरीचा परिचय होतो तो उताऱ्याच्या रूपाने. चार पानांचा उतारा आणि त्याखालील स्वाध्याय यांतून भाषेचा परिचय घडतो; परंतु एका पात्रासोबत आठ-दहा दिवस राहण्याचा, त्याच्या चुकीने अस्वस्थ होण्याचा अनुभव त्यातून मिळत नाही. ही कसर भरून काढण्यासाठी शाळांमधून 'वाचावीत अशी पन्नास पुस्तके' या स्वरूपाच्या याद्या लावल्या जातात. अशा याद्यांत ग्रंथांच्या थोरवीचा विचार असतो, वाचकाचा नसतो.

ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील दोन सूत्रांत वाचकासाठी त्याचा ग्रंथ आणि ग्रंथासाठी त्याचा वाचक हा दुहेरी विचार आहे. यादी या दोहोंपैकी एकही काम करीत नाही. शिफारस दोन्ही कामे करते. शिफारस करणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : पुस्तक स्वतः वाचलेले असावे लागते आणि समोरचा मुलगा किंवा मुलगी काय वाचून आली आहे याची चौकशी केलेली असावी लागते. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर शिफारशीचे रूपांतर उपदेशात होते.

शिफारशीचे तीन निकष

पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील वयोगटाचा उल्लेख हा निकष म्हणून अपुरा आहे. त्याऐवजी पुढील तीन बाबी स्वतंत्रपणे तपासणे उपयुक्त ठरते.

१) भाषेची इयत्ता : वाक्यांची लांबी, शब्दसंपत्ती, वर्णनाचे प्रमाण यांवरून वाचन किती सुकर होईल हे ठरते.

२) अनुभवाचे वय : कादंबरीतील प्रश्न कोणत्या वयाचे आहेत हे येथे पाहावयाचे असते. सोपी भाषा म्हणजे कोवळा अनुभव, असे समीकरण मांडता येत नाही. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) हे याचे ठळक उदाहरण होय. तिची वाक्ये लहान आणि निराभरण आहेत, पृष्ठसंख्याही मर्यादित आहे. परंतु माणदेशातील धनगरवस्तीवर आलेला तरुण मास्तर, लोकांच्या श्रमातून उभी राहिलेली तालीम आणि दुष्काळात रिकामी होत जाणारी तीच वस्ती यांतील विषाद सहावीच्या मुलाला भिडेलच असे नाही. नववी-दहावीच्या वाचकाला मात्र तो भिडू शकतो.

३) रचनेचा दम : कथानक सलग आहे की तुटक, निवेदक एक आहे की अनेक, आणि पकड किती पानांनंतर येते, हा तिसरा निकष. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये कर्णासह अनेक पात्रे निवेदन करतात आणि भाषा अलंकारप्रचुर आहे. तरीही ही मोठी कादंबरी शाळकरी वाचक नेटाने पुरी करतात. महाभारताची कथा घरात आधीच ऐकलेली असते, त्यामुळे रचनेचा भार हलका होतो, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानता येईल. वाचकाच्या पूर्वज्ञानाचा विचार शिफारशीत का करावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

निवडक कादंबऱ्या : एक चढता क्रम

उपरोक्त निकषांच्या आधारे मराठीत उपलब्ध असलेल्या साहित्याचा तीन टप्प्यांत विचार करता येतो.

पहिला टप्पा पाचवी ते सातवीचा. या टप्प्यावर वाचनाची गती कमावणे महत्त्वाचे असते आणि त्यासाठी मालिका उपयोगी पडते. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि प्रत्येक पुस्तकात नव्या संकटात सापडतो. एक पुस्तक संपले की दुसरे मागण्याची सवय अशा मालिकेतून लागते. २०१७ च्या चित्रपटात बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणारा तरुण दाखवला आहे. पुस्तकातील बनेश शाळकरी आहे. चित्रपट पाहिलेल्या मुलाला हा फरक आधी सांगितल्यास कुतूहल वाढते. दिलीप प्रभावळकर यांचे 'बोक्या सातबंडे' याच टप्प्यावर सुचवता येते. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केले; २०११ चा मराठीचा पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. पुढील काळात ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा' (२०१७), सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध' (२०१९) आणि भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४) या पुस्तकांना हा पुरस्कार लाभला. मराठीत मुलांसाठी नवे काही लिहिले जात नाही, ही सार्वत्रिक तक्रार अज्ञानमूलक आहे, हे या नोंदींवरून दिसते.

दुसरा टप्पा सातवी ते नववीचा. येथे साहसाकडून मनाकडे वळण घ्यावयाचे असते. मार्जरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द यर्लिंग' (१९३८) या पुलित्झर पुरस्कारप्राप्त कादंबरीचा राम पटवर्धन यांनी केलेला 'पाडस' हा अनुवाद या टप्प्यासाठी अत्यंत मोलाचा आहे. फ्लॉरिडाच्या रानातील ज्योडी आणि त्याने वाढवलेले हरणाचे पाडस यांची ही कथा. पाडस कुटुंबाचे पीक खाऊ लागते तेव्हा प्रेम आणि भाकर यांतील निवड मुलाच्या वाट्याला येते. तिचा प्रारंभ संथ आहे. पहिली पन्नास पाने धीराने वाचावी लागतील, ही सूचना शिफारशीतच द्यावी. प्रकाश नारायण संत यांचा लंपन 'वनवास' पासून सुरू झालेल्या पुस्तकांतून भेटतो. ही पुस्तके काटेकोर अर्थाने कथासंग्रह असली तरी एकाच मुलाची वाढ दाखवत असल्याने कादंबरीकडे जाणारी उत्तम पायरी ठरतात. शांता शेळके यांनी 'लिटल विमेन' वरून मराठीत आणलेली 'चौघीजणी' हीदेखील याच टप्प्यावरची.

तिसरा टप्पा नववी ते बारावीचा. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गात घडते. मुकुंद जोशीचे शिरोडकरविषयीचे आकर्षण, मित्रांचे टोळके आणि मोठ्यांच्या जगातील दडपण यांचे चित्रण त्याच वयाच्या निवेदकाच्या तोंडून येते. आनंद यादव यांची 'झोंबी' (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी शेतीच्या कामासाठी शाळेतून काढलेल्या मुलाने शिक्षणासाठी दिलेल्या झुंजीची आहे. विज्ञानाची ओढ असलेल्या वाचकासाठी जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी सुचवावी. विचार करू शकणाऱ्या यंत्राचा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला दूरचा वाटणार नाही.

या क्रमातील एक वैगुण्य नोंदवणे आवश्यक आहे. बनेश, बोक्या, ज्योडी, लंपन, मुकुंद आणि 'झोंबी'चा नायक हे सर्व मुलगे आहेत. मुलीला केंद्रस्थानी ठेवणारे पुस्तक शिफारस करणाऱ्याने मुद्दाम शोधावे लागते. 'चौघीजणी' सोबत संगीता बर्वे यांच्या, २०२२ चा बालसाहित्य पुरस्कार लाभलेल्या 'पियूची वही'चा या दृष्टीने विचार व्हावा. अशी पुस्तके केवळ मुलींनाच सुचवणे हीसुद्धा चूक ठरेल.

आरसा, खिडकी आणि बोली

अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये बालसाहित्याच्या संदर्भात आरसा आणि खिडकी ही रूपके मांडली. वाचकाला काही पुस्तकांत स्वतःचे जग दिसते, तर काहींत दुसऱ्याचे. मराठीच्या संदर्भात हा भेद बोलीच्या पातळीवर प्रत्ययास येतो. 'झोंबी'तील कागल परिसराची बोली कोल्हापूरकडील शेतकरी कुटुंबातील मुलाला घरची वाटते; तीच पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमातील मुलाला परकी वाटते. लंपनच्या मराठीतील कानडी वळण बेळगाव भागातील वाचकाला आपलेसे वाटते, तर विदर्भातील वाचकाला ते उलगडावे लागते. म्हणजेच एकाच कादंबरीची काठिण्यपातळी वाचकागणिक बदलते. ज्या मुलाला आपली बोली छापील पुस्तकात प्रथमच दिसते, त्याला आपले जगणे साहित्याचा विषय होऊ शकते याची खात्री पटते. म्हणून पहिली शिफारस शक्यतो आरशाची असावी आणि खिडकी त्यानंतर उघडावी.

आक्षेप आणि त्यांचे निराकरण

कुमारांच्या हाती 'शाळा' द्यावी काय, असा प्रश्न पालक व शिक्षक विचारतात. तिच्यात वयात येणाऱ्या मुलांची भाषा आणि आकर्षण आहे, हे खरे. परंतु ज्या भावना वाचकाच्या मनात आधीच आहेत, त्यांना शब्द देणारे पुस्तक त्याला बिघडवत नाही. आपण एकटेच असे नाही, हा दिलासा ते देते. अर्थात पुस्तक देणाऱ्याने ते आधी वाचलेले असावे आणि विचारल्यास त्याविषयी संकोच न करता बोलण्याची तयारी ठेवावी.

दुसरा आक्षेप संस्कारांचा. 'श्यामची आई' सोडून इतर पुस्तके कशाला, असे म्हटले जाते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रकाशित झालेले हे पुस्तक रात्रीमागून रात्र सांगितलेल्या आठवणींच्या रूपात आहे. त्याची घडणच मौखिक आहे. म्हणून ते बक्षीस म्हणून हाती ठेवण्यापेक्षा घरात किंवा वर्गात रोज एक रात्र याप्रमाणे मोठ्याने वाचावे. तसे वाचल्यास ते आजही पोहोचते. दोष पुस्तकाचा नसून ते देण्याच्या रीतीचा असतो.

तिसरी अडचण सक्तीची. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांत पुस्तक अर्धवट सोडण्याचाही हक्क आहे. सुचवलेले पुस्तक आवडले नाही तर वाचक नापास झाला असे न समजता शिफारस चुकली असे समजावे आणि दुसरे पुस्तक द्यावे.

महाविद्यालयाची भूमिका

हे कार्य शाळेचे आहे, महाविद्यालयाचे नव्हे, असे म्हणून बाजूला होता येणार नाही. कारण शिक्षक महाविद्यालयातूनच घडतो. बी.एड. व डी.एल.एड. च्या छात्राध्यापकांनी किमान दहा कुमारकादंबऱ्या स्वतः वाचल्याखेरीज आशययुक्त अध्यापनाला अर्थ उरत नाही. मराठी विभागाला राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने परिसरातील एका शाळेत मोठ्याने वाचनाचा तास चालवता येईल. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन भाषणाऐवजी शिफारशीसाठी वापरता येईल : पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका शाळकरी मुलासाठी एक कादंबरी निवडावी आणि ती का निवडली, हे पाच वाक्यांत सांगावे. महाविद्यालयीन ग्रंथालयात कुमारसाहित्याचे एक स्वतंत्र कपाट असावे. पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' मासिक १९७१ पासून प्रसिद्ध होत आले आहे. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, याचाही लाभ घ्यावा.

निष्कर्ष

१) कुमारवयीन वाचकाला लागणारी शिफारस ही श्रेष्ठ ग्रंथांची यादी नसून विशिष्ट वाचक आणि विशिष्ट कादंबरी यांची घातलेली गाठ असते.

२) भाषेची इयत्ता, अनुभवाचे वय आणि रचनेचा दम हे तीन निकष स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय पुस्तक सुचवू नये.

३) बोली ही अडथळा आहे की आधार, हे वाचकाच्या भाषिक पार्श्वभूमीवर अवलंबून असते.

४) पुस्तक सोडण्याची मोकळीक आणि पर्यायी पुस्तकाची तयारी हा शिफारशीचाच भाग होय.

५) अकरा ते सोळा या वयात कादंबरी न भेटलेला विद्यार्थी पुढे महाविद्यालयात येतो. त्याच्या वाचनाविषयी खंत व्यक्त करणाऱ्या अध्यापकाने निदान एका शाळकरी वाचकाची जबाबदारी घेतली, तर त्या खंतीला काही अर्थ प्राप्त होईल.