ओटीपी नालासोपाऱ्याला, भात संगमेश्वरात

मृग लागून चार दिवस झाले होते. काकी पडवीत बसून बियाणं निवडत होती. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, त्यात भात ओतायचं, वर तरंगलेली पोल हाताने काढून कोंबड्यांना टाकायची आणि तळाशी बसलेलं धुऊन तरव्याला घ्यायचं. मी शेजारी मोबाईल घेऊन बसलो होतो. भाताचा ‘वैयक्तिक सल्ला’ देणारं एक ॲप मला पेरणीपासून कापणीपर्यंत चालवून बघायचं होतं. नोंदणीसाठी घरचा नंबर टाकला. तो नंबर काकीच्या मुलाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा. सातबाऱ्याची कामं, पीएम किसान, बँक सगळीकडे तोच लागलेला. ओटीपी गेला नालासोपाऱ्याला. भाऊ लोकलमध्ये लटकलेला, त्याने फोन उचलला नाही. दुसरा ओटीपी गेला, तोही मुदत संपून वाया गेला. तिसऱ्या वेळी त्याने अंधेरीला उतरून आकडे सांगितले, तोवर काकीचं बियाणं धुऊनसुद्धा झालं होतं.

ॲपचं नाव सांगत नाही. दोष एकट्या त्याचा नाही, आणि गुणही एकट्याचे नाहीत.

मग प्रश्न सुरू झाले. क्षेत्र किती? सातबाऱ्यावर 0.22.50, म्हणजे साडेबावीस आर, म्हणजे व्यवहारात साडेबावीस गुंठे. इथवर ठीक होतं. पुढचा प्रश्न, गेल्या वर्षी हेक्टरी किती क्विंटल? काकी म्हणाली, “चौदा गोनी झाल्या. त्यातल्या दोन अर्ध्याच होत्या. आनि एक गोन भावजयीला दिली, ती धरायची काय?” आम्ही भरलेली एक गोण रेशन दुकानातल्या काट्यावर ठेवून आलो, गुणाकार-भागाकार केले, तेव्हा कुठे चौकटीत टाकायला आकडा मिळाला. पेंढा शेतात कुजवता का? नाही, गुरांना. शेणखत? हो, पण सगळ्या खाचरांना नाही, वाड्याजवळच्या तीनांनाच. गिरिपुष्पाचा पाला? बांधावर आहे, चिखलणीच्या वेळी तोडून टाकतो. जात कोणती? रत्नागिरी 24, आणि सखल खाचरांत जया. ॲपमध्ये जात एकच निवडता येत होती.

हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात, पण सगळी मेख त्यांतच आहे. फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, 1960 मध्ये स्थापन झालेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात खताचा हिशेब उलट्या बाजूने मांडला. आधी जमीन स्वतःहून किती पुरवते ते बघायचं. त्यासाठी शेताच्या एका तुकड्याला नत्र सोडून बाकी सगळं द्यायचं आणि तिथे किती भात येतं ते मोजायचं. टनभर भाताला साधारण पंधरा ते वीस किलो नत्र लागतं. जमीन, पाणी, पेंढा आणि शेणखत यांतून किती आलं ते वजा करायचं, उरेल तेवढंच गोणीतून. प्रत्येक शेतकऱ्याला असा तुकडा राखायला सांगणं शक्य नाही, म्हणून त्याऐवजी प्रश्न आले. याच विचारावर तिथल्या सरकारच्या सोबतीने 2013 मध्ये ‘राइस क्रॉप मॅनेजर’ सुरू झालं. तिथे विस्तार कार्यकर्ता शेतकऱ्यासमोर बसून प्रश्न विचारतो, शेवटी एक पानाचा सल्ला छापून हातात देतो. आणि उत्पन्न विचारतो ते पोत्यांत: किती पोती, एका पोत्याचं वजन किती. हेक्टरी क्विंटलचं गणित यंत्राने करायचं, शेतकऱ्याने नाही. आमच्या ॲपला हे सुचलं नव्हतं.

आपल्याकडे 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका आहे. बारा घटकांची तपासणी, मोफत. काकीकडेही होती, देवघरातल्या पंचांगात घडी करून ठेवलेली. तिच्या नियमानुसार कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना घेतात. दहा हेक्टर म्हणजे जवळपास हजार गुंठे. काकीच्या साडेबावीस गुंठ्यांचं आरोग्य त्या हजारांत कुठेतरी होतं. पत्रिका खोटी नव्हती, पण ती काकीचीही नव्हती.

साडेबावीस गुंठे म्हणजे एक शेतही नव्हे. ती नऊ खाचरं आहेत, उतारावर पायऱ्यांसारखी. प्रत्येकाला नाव आहे: आंब्याखालचं, चोंढ्यातलं, देवळामागचं, आणि एक नुसतं ‘रडकं’, कारण त्यात पाणी ठरत नाही. ॲपने सांगितलं, मोबाईल हातात धरून शेताच्या कडेने चाला, नकाशा आपोआप तयार होईल. मी चाललो. निसरड्या बांधावरून, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतला मोबाईल. एक गुंठा म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर. मोबाईलच्या उपग्रहाची चूकच पाच-दहा मीटरची. नकाशा तयार झाला तेव्हा आंब्याखालचं खाचर शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं होतं आणि रडकं ओढ्यात. काकीला दाखवलं. ती म्हणाली, “ता बरोबर हाये. पावसात ता वड्यातच जातंय.”

शेवटी मी नऊ खाचरांची नऊ शेतं म्हणून नोंद केली. ॲप बनवणाऱ्याने असं काही मनात धरलं नसणार, पण तिथूनच ते उपयोगाला यायला लागलं.

तरवा पेरल्यावर एकविसाव्या दिवशी संदेश आला: रोपे लावणीस योग्य, 25 दिवसांच्या आत लावणी पूर्ण करा. शास्त्राने अगदी बरोबर. पण लावणीचा दिवस रोपाच्या वयावर ठरत नाही, सावडीवर ठरतो. वाडीत लावणीला वाकणाऱ्या सात बायका उरल्यात, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. काकीची पाळी आली तेव्हा तरवा अठ्ठावीस दिवसांचा झाला होता. सकाळी मुठी बांधल्या, गुटा फिरवून चिखल सपाट केला आणि सातही जणी ओळीने मागे मागे सरकत गेल्या. दोन-तीन काड्या अंगठ्याच्या चिमटीत धरायच्या, उथळ टोचायच्या, बोट बाहेर काढताना रोप सरळ राहिलं पाहिजे. मी अर्धा तास प्रयत्न केला. माझी ओळ लोकांनी बघायला यावी अशी झाली. ॲपने विचारलं: एका चुडात किती रोपे? काकीने माझ्या ओळीकडे बघून सांगितलं, “ह्याच्या सहा, आमच्या तीन.”

लावणीनंतर युरियाच्या पहिल्या हप्त्याला गोंधळ झाला, तो सांगितलाच पाहिजे. मी ठाण्याला परतलो होतो. मंगळवारी दुपारी संदेश निघाला: पुढील दोन दिवस मुसळधार पाऊस, युरिया देणे टाळावे. तो भावाच्या फोनवर गेला. भाऊ कामावर. त्याने रात्री नऊला जेवताना वाचला आणि आईला फोन लावला. काकीने युरिया सकाळीच फेकला होता. बुधवारी बांधावरून पाणी गेलं. भरल्या पाण्यात टाकलेल्या युरियाचा एरवीही तिसरा हिस्साच पिकाला लागतो. काही अमोनिया होऊन हवेत जातो, काही निचऱ्यात. त्या दिवशीचा बहुतेक सगळा शास्त्री नदीला मिळाला असेल. सल्ला बरोबर होता, वेळेवर निघाला होता आणि ज्या हातात पोचला त्या हाताला चिखल लागलेला नव्हता.

त्या रविवारी नंबर बदलला. काकीकडे स्मार्टफोन आहे, भावानेच दिलेला. भजनं ऐकायला आणि नातीला बघायला ती तो वापरते. बदलताना एक ओटीपी जुन्या नंबरवर जातो, एक नव्यावर. दोन फोन, दोन गावं, मध्ये मी. तीन प्रयत्न लागले.

दुसऱ्या हप्त्याला मी मुद्दाम गेलो. कृषी सहाय्यकही आले होते, त्यांच्या खिशात पर्णरंग तक्ता. हिरव्या रंगाच्या चार छटांची साधी प्लास्टिकची पट्टी, बॅटरी नको की रेंज नको. सकाळच्या वेळी, आपल्या अंगाची सावली पाडून, वरचं पूर्ण उघडलेलं पान न तोडता पट्टीवर ठेवायचं. अशी दहा रोपं बघायची. निम्म्याहून जास्त पानं ठरलेल्या छटेपेक्षा फिकी निघाली तर नत्र द्यायचं. देवळामागच्या खाचरात दहापैकी तीनच फिकी, रडक्यात नऊ. ॲपनेही देवळामागच्याला कमी आणि रडक्याला जास्त सांगितलं होतं, कारण शेणखताची उत्तरं त्याच्याकडे होती. तक्ता आणि ॲप दोन वाटांनी एकाच बांधावर येऊन उभे राहिले. काकीने दोघांनाही शाबासकी दिली नाही. देवळामागं वाड्याचं पाणी उतरतं हे तिला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं. फक्त खत टाकताना तिने ते कधी धरलं नव्हतं. युरिया सगळीकडे सारखाच पडायचा, घमेल्यातून, मुठीने.

चार गुंठ्यांच्या चोंढ्यातल्या खाचराला ॲपने तीन किलो युरिया सांगितला. तीन किलो मोजायचा कशाने? घरात काटा नाही. काकीने तुपाचा जुना लिटरभराचा डबा काढला, तो युरियाने काठोकाठ भरून आम्ही दुकानात नेला. पाऊण किलो भरला. म्हणजे चार डबे. मग तिने चुलीतल्या कोळशाने पडवीच्या भिंतीवर रेघा ओढल्या: आंब्याखालचं दोन, चोंढ्यातलं चार, देवळामागचं एक, रडकं तीन. माझ्या मते ॲपचा संपूर्ण हंगामातला सर्वांत मोठा विजय त्या भिंतीवर होता. हेक्टरी किलो या परक्या मापाचा तिथे डबा झाला. मंगळवारी पुन्हा पावसाचा इशारा आला, या वेळी काकीच्याच फोनवर. नातीने तो फोनकडून वाचून घ्यायला शिकवलं होतं, आवाजाचं बटण दाबलं की फोन बोलतो. तिने शुक्रवारपर्यंत थांबून, खाचरातलं पाणी उतरवून युरिया दिला.

फोटोवरून रोग ओळखण्याचं प्रकरण मात्र फसलं. पानावर डाग दिसले, फोटो काढला, ॲप म्हणालं करपा, आणि बुरशीनाशकाचं नाव सांगून मोकळं झालं. सहाय्यकांनी पान उलटसुलट बघितलं. करप्याचा डाग डोळ्याच्या आकाराचा, दोन्हीकडे निमुळता, मध्ये राखाडी. हे डाग तिळासारखे लहान, गोलसर, तपकिरी. “हे तपकिरी ठिपके, काकी. पोटॅश कमी पडलंय.” जांभ्याच्या हलक्या जमिनीत हे नेहमीचं. ते हसून म्हणाले, ओल्या पानावर उजेड चमकला की मलाही फसायला होतं. पण फसलो तर मी परत येऊन बघतो, एवढाच फरक.

आणि खेकडे. भर पावसात बांधाला भोक पाडून रात्रीत खाचर रिकामं करणारा, कोवळी रोपं बुंध्यात कातरणारा खेकडा आमच्या ॲपच्या शत्रूंच्या यादीत नव्हता. खोडकिडा होता, तुडतुडे होते, निळे भुंगेरे होते. रानडुक्कर नव्हतं. सप्टेंबरमध्ये, दाणा भरत असताना, डुकरांनी आंब्याखालचं अर्धं खाचर एका रात्रीत लोळवलं. ‘समस्या निवडा’ या चौकटीत काकी काय निवडणार होती?

आता अशी ॲप्स बरीच झालीत. हवामान विभागाच्या सहभागाने 2019 मध्ये ‘मेघदूत’ आलं, मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला देणारं. नाव सुरेख आहे, पण आमच्या वाडीत मेघ आले की रेंज जाते, तेव्हा दूताने यायचं कुठून? राज्य सरकारने 2025 मध्ये ‘महाविस्तार’ आणलं, त्यात मराठीत प्रश्न विचारता येतो. ओडिशाच्या भातशेतकऱ्यांसाठी फिलिपिन्सचंच ते प्रश्नोत्तरांचं तंत्र वापरलं गेलं आहे. मला यातलं कुठलंही ॲप चांगलं की वाईट हे त्याच्या पडद्यावरून ठरवता येईल असं वाटत नाही. प्रश्न विचारताना समोर कोण बसलंय आणि उत्तर कोणाच्या फोनवर जातंय, यावर ते ठरतं.

कापणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. साडेपंधरा गोण्या भरल्या, या वेळी अर्धी एकच. त्याचं श्रेय मी ॲपला देणार नाही, कारण पाऊस सप्टेंबरमध्ये नेमका उघडला. देवळामागचं भात मात्र दरवर्षी लोळायचं, ते यंदा उभं राहिलं. ते एका डब्याचं काम. दरवर्षी दीड गोण युरिया लागायचा, यंदा पहिला हप्ता वाहून जाऊनही एक पुरला. पंचेचाळीस किलोची गोण 266 रुपये 50 पैशांची, म्हणजे वाचले 133 रुपये. एवढ्यात लावणीची एक बाई दिवसभर मिळत नाही.

तुम्ही मुंबई-ठाण्यात असाल आणि गावच्या शेतीच्या एखाद्या ॲपवर तुमचा नंबर लागलेला असेल, तर तो काढा आणि शेतात जो वाकतो त्याचा टाका. दोन ओटीपी लागतात, एक जुन्या नंबरवर, एक नव्यावर. दोन्ही फोन एका पडवीत असले की पाच मिनिटांचं काम आहे. गणपतीपर्यंत थांबू नका, तोवर दुसरा हप्ता देऊन झालेला असतो. शिमग्याला जाल तेव्हा करा.