हजारामागे अकराशे बावीस

रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाळेत गेलो होतो. व्हरांड्यातल्या फळ्यावर २०११ च्या जनगणनेचे आकडे सुबक अक्षरात लिहिलेले होते. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया : भारत ९४३, महाराष्ट्र ९२९, रत्नागिरी ११२२. "आमच्याकडे बाईमाणसाला मान आहे सर, हा आकडाच सांगतो," गुरुजी म्हणाले. आकडा बरोबर होता, पण त्यातून गुरुजींनी काढलेला अर्थ मात्र निघत नाही.

आधी थोडे गणित करू. एका गावात ५०० पुरुष आणि ४८० स्त्रिया आहेत, म्हणजे प्रमाण ९६०. त्यांपैकी १०० पुरुष नोकरीसाठी मुंबईला गेले. उरले ४०० पुरुष आणि ४८० स्त्रिया. प्रमाण झाले १२००! गावात एकही मुलगी जास्त जन्मली नाही, कोणा बाईच्या ताटात घासभर भात वाढला नाही, तरी आकडा २४० ने चढला.

रत्नागिरीत नेमके हेच घडत आले. भाताची खाचरे लहान, पाऊस चार महिन्यांचा, गावात धंदा नाही. मुंबईच्या गिरण्या आणि गोदी तिकडे माणसे ओढीत होत्या. तरुण बोटीने मुंबईला जायचा, चाळीतल्या खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा आणि गावी मनीऑर्डर पाठवायचा. मागे लावणी, गुरे, सासूसासऱ्यांचे आजारपण हे सारे बायकोवर. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. गेलेले पुरुष मुंबईच्या रकान्यात मोजले जातात. २०११ साली मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या. एका जिल्ह्याचा चढ आणि दुसऱ्याचा उतार यांत बराच भाग एकाच गोष्टीचा आहे.

आपल्यापैकी अनेकांनी प्रगणक म्हणून घरोघरी फिरून ही मोजणी केली आहे. त्या वेळी ९ ते २८ फेब्रुवारी हा काळ होता. त्या सबंध काळात जो घरी नव्हता, त्याची नोंद गावात करायची नव्हती. शिमगा मार्चात होता. म्हणजे चाकरमानी यायच्या आधीच मोजणी आटोपली. हीच जनगणना गौरी-गणपतीत झाली असती तर?

१९९१ साली जिल्ह्याचे प्रमाण १२०५ होते, २००१ साली ११३६ झाले. या घसरणीवरून स्त्रियांची स्थिती बिघडली असे म्हणणे तितकेच चुकीचे ठरेल. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतला रोजगार आटत गेला आणि एकट्याने जाण्याऐवजी कुटुंबच हलवण्याकडे कल वाढला. २००१ ते २०११ या काळात जिल्ह्याची लोकसंख्याच १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली.

मग मुलींना मान आहे की नाही, हे पाहायचे कुठे? जे नोकरीसाठी गाव सोडत नाहीत त्यांच्यात, म्हणजे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे ९५२ मुली. शिवाय तान्हेपणी मुलगेच थोडे अधिक दगावतात, त्यामुळे हे प्रमाण वयाबरोबर किंचित वाढायला हवे. रत्नागिरीत हा आकडा २००१ साली ९५२ होता. २०११ साली तो ९३६ झाला. बीडच्या ८०७ पुढे हे बरेच बरे. पण लाखावर मुलांच्या जिल्ह्यातली ही घट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे पहिले राज्य महाराष्ट्र, आणि तेही १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. अमर्त्य सेन यांनी १९९० साली जगात दहा कोटींहून अधिक स्त्रिया 'हरवल्या' आहेत असे लिहिले, तेव्हा त्यांचा हिशोब अशाच तुलनेवर उभा होता : किती असायला हव्या होत्या आणि किती आहेत.

वर्गात हे करून पाहता येईल. जन्माची नोंद जिथे बाळंतपण होते तिथे होते, आणि ते बहुधा तालुक्याच्या दवाखान्यात. म्हणून ग्रामपंचायतीची नोंदवही इथे फारशी कामाची नाही. अंगणवाडीच्या सर्वेक्षणातून सहा वर्षांखालील मुलामुलींची संख्या मिळते. (नावे घेऊ नका, संख्या पुरे.) मात्र एका वाडीत २० मुलांत ८ मुली निघाल्या म्हणून लगेच कोणाकडे बोट दाखवू नये. अशा दहा वाड्या घेतल्या तर दोन-तीन ठिकाणी निव्वळ योगायोगानेही आठ किंवा त्याहून कमी मुली निघतील. नाणे वीस वेळा उडवून मुलांनाच ते पाहू द्या. मग केंद्रातल्या सगळ्या शाळांनी आकडे एकत्र करावेत आणि त्याच घरांतले किती पुरुष सध्या बाहेरगावी आहेत, तेही शेजारच्या रकान्यात लिहावे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तेव्हा ताडून पाहायला हा तक्ता जपून ठेवा.