आगगाडींतील एकाहत्तर मिनिटें

गुप्त पोलिसांच्या कथा म्हटल्या म्हणजे सुशिक्षित कुटुंबांत त्यांजकडे जरा संशयानेंच पाहण्यांत येतें. अशीं पुस्तकें चिरंजीवांच्या हातीं पडूं नयेत म्हणून वडील मंडळी जपतात, आणि दुपारची निजानीज झाल्यावर तींच पुस्तकें स्वतः काढून वाचतात, हें कोणास ठाऊक नाहीं? बोलपटांतील गुप्त पोलीस तर त्याहूनही हलक्या दर्जाचा गणला जातो. त्यांतून तो बोलपट थोड्या पैशांत व थोड्या दिवसांत उरकलेला असेल, तर त्यांत पाहण्यासारखें काय असणार, असा प्रश्न सहजच उद्भवतो. या प्रश्नाचें उत्तर म्हणून आम्ही वाचकांपुढें एक लहानसा अमेरिकन बोलपट ठेवीत आहों. त्याचें नांव 'द नॅरो मार्जिन'. म्हणजे अगदीं थोडक्यांत झालेला बचाव. आर. के. ओ. कंपनीचा हा बोलपट १९५० सालीं चित्रित झाला व १९५२ सालीं लोकांपुढें आला. त्याचें रहस्य सांगितल्यावांचून त्याचें मर्म सांगतां येत नाहीं. म्हणून तें आम्ही उघड करणार आहों, हें आधींच सांगून ठेवितों.

त्या काळीं अमेरिकेंतील चित्रपटगृहांत एका तिकिटांत दोन बोलपट दाखविण्याची चाल होती. पहिला मोठ्या नटनटींचा व मोठ्या खर्चाचा. दुसरा केवळ जोडीचा. पंक्तींत जिलबीबरोबर कोशिंबीर वाढावी, तसा तो वाढला जाई. त्यास 'बी' वर्गाचा बोलपट म्हणत. त्यांत नामांकित नट नसावेत, देखावे मोजके असावेत, आणि काम झटपट आटोपावें, असा दंडक असे. प्रस्तुत बोलपटही असाच अडीच लाख डॉलरांच्या आंत व दोन आठवड्यांच्या सुमारास तयार झाला. त्याची लांबी अवघी ७१ मिनिटें. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर हे पॉपाय व बेटी बूप यांच्या व्यंगचित्रपटांनीं प्रसिद्धीस आलेल्या मॅक्स फ्लायशर यांचे चिरंजीव. अंधार, सांवल्या, गुन्हे आणि डळमळीत नीति यांनीं भरलेल्या अशा अमेरिकन बोलपटांस फ्रेंच टीकाकारांनीं १९४६ सालीं 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असें नांव दिलें होतें. त्याच पठडींतला हा एक.

कथानक थोडक्यांत असें. गुंडांच्या एका टोळीच्या नायकाची विधवा, मिसेस नील, शिकागोहून लॉस एंजलिसला ज्यूरीपुढें साक्ष देण्यास निघाली आहे. टोळीकडून कोणाकोणास पैसे पोंचत होते, त्यांची यादी तिच्यापाशीं आहे. तिला सुखरूप पोंचविण्याचें काम ब्राउन व फोर्ब्स या दोन गुप्त पोलिसांकडे येतें. तिच्या घरीं जातांना मोटारींत दोघांची पैज लागते: ही बाई असेल तरी कशी? गुंडाची बायको म्हणजे भडक, उथळ आणि आंतून विषारी, असें ब्राउनचें ठाम मत. घरीं गेल्यावर दिसते तीही तशीच: उद्धट, तोंडाळ, आणि ग्रामोफोन मोठ्यानें वाजविणारी. बाहेर पडतांना तिच्या गळ्यांतील माळ तुटते, मणी घरंगळत जिना उतरतात व अंधारांत दबा धरून बसलेल्या मारेकऱ्याच्या पायांशीं जाऊन थांबतात. फोर्ब्स तेथेंच प्राणास मुकतो. ज्या बाईचा आपणांस तिटकारा वाटतो, तिच्यासाठीं आपला जिवलग सोबती गेला, हें शल्य उरांत घेऊन ब्राउन तिच्यासह आगगाडींत चढतो. मारेकरीही त्याच गाडींत असतात. परंतु त्यांनीं मिसेस नील हिचा चेहरा कधीं पाहिलेला नसतो.

येथून पुढें जवळजवळ सारी कथा गाडींतच घडते, आणि येथेंच काटकसर हा गुण कसा होतो तें दिसतें. एरवीं आगगाडीचा देखावा उभारला म्हणजे तो हालता ठेवण्याची यंत्रयोजना करावी लागते. फ्लायशर यांनीं डबा जमिनीस पक्का ठेविला आणि कॅमेराच हालविला. पाहणारास मात्र गाडी धांवत असल्याचा भास होतो. बोलपटास पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. चाकांचा खडखडाट, शिटी, दारांची उघडझांप हेंच त्याचें संगीत; गाणें वाजतें तें फक्त त्या बाईच्या ग्रामोफोनवर. ती कानशीनें नखें घासूं लागते, आणि त्याच तालावर गाडीचीं चाकें पडद्यावर फिरूं लागतात. एक सनईवालाही न बोलावतां एवढा परिणाम साधला आहे. डब्यांतील बोळ इतका अरुंद कीं, एक लठ्ठ गृहस्थ समोर आला म्हणजे ब्राउनची वाटच खुंटते. हा लठ्ठ गृहस्थ मारेकऱ्यांपैकीं असावा असें आपण धरून चालतों, आणि तो निघतो रेल्वेचाच गुप्त पोलीस! अखेरीस शेजारच्या रुळांवरील गाडीच्या कांचेंत बंद खोलींतील प्रतिबिंब पाहून ब्राउन मारेकऱ्याचा नेम साधतो. महागडी युक्ति परवडत नव्हती. साधी युक्ति सुचली, आणि तीच लोकांच्या स्मरणांत राहिली.

आतां कथेचें मर्म. गाडींत ब्राउनची ओळख अ‍ॅन सिंक्लेअर या बाईशीं होते. ती शांत, सालस, मुलगा व त्याची दाई यांच्यासह प्रवास करणारी. ब्राउनला ती पाहतांच आदर वाटतो, आणि आपल्या बोलण्याचालण्यामुळें मारेकऱ्यांचा संशय या निरपराध बाईवर तर जाणार नाहीं ना, या विचारानें तो अस्वस्थ होतो. परंतु खरी मिसेस नील तीच! आणि ती उद्धट, भडक बाई? ती शिकागोच्या पोलिसखात्यांतील स्त्री असते. मारेकऱ्यांचें लक्ष स्वतःकडे ओढून घेणें, आणि ब्राउन लांच घेतो कीं काय तें पाहणें, हें दुहेरी काम तिच्याकडे असतें. पैशाचा मोह मारेकरी त्यास दाखवितात, तशी तीही दाखवून पाहते; ब्राउन ढळत नाहीं. म्हणजे आपण ज्या पैजेस थट्टा समजून हंसलों, ती ब्राउन हरलेलाच होता. गुंडाची विधवा कुलीन निघाली, आणि जिला तो पावलोपावलीं टाकून बोलला, ती त्याच्याच व्यवसायांतील व कर्तव्यांत त्याच्याहून तसूभरही कमी नसलेली स्त्री होती. ब्राउन शेजारीं नसतांना मारेकरी तिला गोळी घालून ठार करितात.

येथें आमचा या बोलपटाशीं एक वाद आहे. फोर्ब्स मेला तेव्हां त्याचें दुःख कथेनें पुष्कळ वाहिलें. या स्त्रीसाठीं मात्र कथा क्षणभरही थांबत नाहीं. गाडी मुक्कामास पोंचते, ब्राउन व खरी साक्षीदार न्यायमंदिराच्या दिशेनें चालूं लागतात, आणि जिच्या मरणावर हें सारें उभें आहे, ती मागेंच राहते. मेरी विंडसर या नटीनें ती भूमिका इतकी जिवंत केली आहे कीं, बोलपट तिला विसरला तरी पाहणारास विसरतां येत नाहीं. आमच्या भगिनींस हा प्रकार अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. गोड बोलणारीचें कौतुक करावें आणि फटकळ बोलणारीच्या कष्टांवर घर चालवावें, ही रीत पुष्कळ घरांत आढळते; आणि फटकळ बाईची किंमत ती गेल्यावरही कित्येकदां कळत नाहीं.

पुढील हकीकतही मौजेची आहे. कंपनीचे धनी हॉवर्ड ह्यूज यांस हा लहान बोलपट इतका आवडला कीं, मोठीं नटमंडळी घेऊन तो पुन्हां काढावा या विचारांत त्यांनीं तो बराच काळ अडकवून ठेविला, असें सांगतात. मार्टिन गोल्डस्मिथ व जॅक लेनर्ड यांच्या मूळ कथेची ऑस्कर पारितोषिकासाठीं शिफारस झाली. पारितोषिक मात्र सेसिल डी मिल यांच्या सर्कशीवरील भव्य बोलपटाकडे गेलें. १९९० सालीं जीन हॅकमन यांस घेऊन हीच कथा मोठ्या थाटानें पुन्हां काढण्यांत आली. तरी जाणते लोक आजही त्या जुन्या एकाहत्तर मिनिटांकडेच वळतात.

थोड्या साधनांत काम करणारास पसारा घालतां येत नाहीं. त्यास नेमकें काय हवें हें आधीं ठरवावें लागतें. संसार करणाऱ्या वाचकांस हें आम्हीं सांगावयास नको. हा बोलपट मिळाल्यास थोरल्या मुलामुलींसह अवश्य पाहावा, आणि संपल्यावर त्यांस एवढेंच विचारावें: पहिल्या दहा मिनिटांत या दोन स्त्रियांविषयीं तुमचें मत काय झालें होतें, आणि तें कशावरून झालें होतें?