गंज काढा, पण वाळूच्या झोताने नको

सातपुड्याच्या पावसात लोखंड उघडं राहिलं की गंज ठरलेला. अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीसारख्या डोंगराळ गावात वखराची पास, कुऱ्हाड, पहार, ट्रॉलीचा सांगाडा, टाकीचा स्टँड, दारापुढचं फाटक, साऱ्यांवर पावसाळा सरेपर्यंत तांबूस थर चढतो. मोबाइलवरच्या व्हिडिओत मात्र वाळूचा झोत सुटतो आणि मिनिटभरात पत्रा लख्ख होतो. असा सँडब्लास्टर आपणही घ्यावा असं वाटलं, तर त्यात नवल नाही. पण हिशेब मांडला तर दिसतं की घरच्या फार थोड्या कामांना त्याची गरज असते. जिथे गरज असते तिथेही नदीची वाळू कधीच वापरू नये.

आधी यंत्राचं बघू. लोक गन निवडत बसतात. खरा खर्च मात्र कॉम्प्रेसरचा असतो. तीन मिलिमीटर भोकाच्या नोझलला ८० पीएसआय दाबावर मिनिटाला साधारण १५ ते २० घनफूट हवा सतत लागते. पंक्चरच्या दुकानातला दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर सात-आठ घनफूट देतो. म्हणजे टाकीतली हवा बघता बघता संपते, दाब पडतो, आणि दोन विताची पट्टी साफ करायला पुन्हा पुन्हा थांबावं लागतं. नोझलचं भोक झिजून दुप्पट झालं तर हवा चौपट लागते. पाच हॉर्सपॉवरची मोटर घ्यावी, तर सुरू होताना ती जो भार ओढते तो घरातलं साधं सिंगल फेज वायरिंग सोसत नाही. घ्यायचंच असेल तर दुकानदाराला ‘प्रत्यक्षात किती हवा मिळते’ हे विचारावं, कारण माहितीपत्रकात बहुधा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला मोठा आकडा असतो. हवेतलं पाणी वेगळं करणारा फिल्टरही हवाच. दमट दिवसांत टाकीत पाणी साचतं, त्याने वाळूचे गोळे होतात आणि नोझल तुंबतं.

पण पैशांपेक्षा मोठा प्रश्न छातीचा आहे. वाळूत क्वार्ट्झ असतं. कण वेगाने लोखंडावर आदळून फुटतो आणि पाच मायक्रॉनहून बारीक अशी सिलिकाची धूळ तयार होते. ती डोळ्यांना दिसत नाही, नाकात अडत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथे पडणारे व्रण बरे होत नाहीत. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही, आणि त्यातून क्षयाचा धोकाही वाढतो. नर्मदेपलीकडच्या आलिराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातमध्ये क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि तरुण वयात हा आजार घेऊन परतले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्यात लक्ष घातलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृत मजुरांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. त्यांचं काम दगड दळण्याचं होतं, गंज काढण्याचं नव्हतं. धूळ मात्र तीच. ब्रिटनने धातूच्या वस्तू साफ करायला वाळूचा झोत वापरण्यावर १९४९ च्या नियमांनी बंदी आणली. तुर्कस्तानने २००९ मध्ये जीन्स फिकट करण्यासाठी होणारा हा वापर थांबवला, कारण त्या कामातली तरुण पोरं याच आजाराने गेली होती.

यावर म्हणतात, आम्ही रोज थोडंच करणार, वर्षातून एकदा. धोका मात्रेवर ठरतो हे खरं, आणि एका दुपारच्या कामाने कुणी मरेल असं म्हणणं चूक ठरेल. पण घरचं काम अंगणात होतं. तिथे मुलं असतात, वाळत घातलेलं धान्य असतं. आणि यंत्र घरी आलं की शेजाऱ्यांची कामंही येतात. मग ‘एकदा’चा हिशेब राहत नाही. दुसरं म्हणणं, तोंडाला रुमाल बांधू. इतकी बारीक धूळ रुमालाच्या विणीतून सहज आत जाते. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा हेल्मेट-मास्क लागतो. कामाच्या जागी वाळूचं ब्लास्टिंग करणाऱ्यांना तोच सांगितला जातो आणि तो घरगुती बजेटमध्ये बसत नाही. तिसरा उपाय वाळू ओली करण्याचा. त्याने धूळ कमी होते, थांबत नाही. शिवाय ओलं लोखंड तासाभरात पुन्हा गंजतं. जुन्या फाटकाच्या रंगात शिसं असण्याची शक्यता वेगळीच. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा भारतात २०१७ पासून आली. त्याआधीचा रंग झोताने उडवला, तर शिसंही अंगणभर पसरतं.

मग ब्लास्टिंग कुठे शोभतं? खाचाखोचांच्या, नक्षीदार ओतीव भागांवर, जिथे ब्रश पोचत नाही. त्यासाठी काच आणि हातमोजे बसवलेली बंद पेटी घ्यावी, धूळ ओढणारा पंखा लावावा, आणि वाळूऐवजी गार्नेट, काचेचे बारीक मणी किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरावं. मास्क तेव्हाही हवाच, कारण गंज आणि रंगाची पूड असतेच. पातळ पत्र्यावर झोत धरू नये. पत्र्याला पोचे पडतात, तो वाकडा होतो. मोठ्या ट्रॉलीचं काम शहरातल्या चांगली सोय असलेल्या वर्कशॉपला द्यावं. झोत मारलेलं लोखंड अगदी उघडं असतं, म्हणून त्याच दिवशी प्रायमर लावलाच पाहिजे, एरवी सगळी मेहनत वाया.

बाकी साऱ्यासाठी साधे उपाय पुरतात. पहार आणि पास तारेच्या ब्रशने घासून तेलाने पुसून ठेवावी. मोठ्या फाटकाला ग्राइंडरवरचा तारेचा कप लावावा, डोळ्यांवर चष्मा असावा. लहान हत्यारं चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात रात्रभर भिजवली तर त्यातलं आम्ल गंज सैल करतं. मोलगीकडच्या आमचुरातही तसंच आम्ल असतं. नंतर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करून तेल लावावं. धारेची हत्यारं मात्र दिवसेंदिवस आम्लात ठेवू नयेत. वस्तू जास्त गंजली असेल, तर पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या वस्तूला आणि धन तार भंगार लोखंडाला जोडावी. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नयेत. हे काम उघड्यावर करावं, कारण हायड्रोजन सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम उतरतं. हे सगळं वेळ घेतं, पण अवजार शाबूत राहतं आणि घरच्यांच्या छातीत धूळ जात नाही. वाळू भरायची गन विकत घेण्याआधी एवढं तरी करून बघा.