युद्ध, पुनर्रचना आणि परराष्ट्रनीती : लोकप्रतिनिधीने विचारावयाचे प्रश्न

आपल्या वसतिगृहाचा दिवस त्रिशरण-पंचशीलाने सुरू होतो. येथून बाहेर पडून वीस-पंचवीस वर्षे झालेल्या माजी विद्यार्थ्यालाही त्या वंदनेचे शब्द आठवावे लागत नाहीत. ते आपोआप ओठांवर येतात. यातील 'पंचशील' हा शब्द २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत उच्चारला गेला. त्या दिवशी सभागृहात चर्चा मात्र आंतरराष्ट्रीय परिस्थितीची होती.

त्याच वर्षी २९ एप्रिल रोजी तिबेटशी होणाऱ्या व्यापार-दळणवळणाबाबत भारत आणि चीन यांच्यात करार झाला. त्याच्या प्रस्तावनेतील पाच तत्त्वांना 'पंचशील' हे नाव मिळाले. त्या दिवशी विरोधी बाकांवरून बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या नावावरच बोट ठेवले. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा आवश्यक भाग आहे. माओंचा त्यावर खरोखर विश्वास असता, तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असे त्यांनी सुनावले. चीनला ल्हासा घेऊ देऊन आपणच त्याची सरहद्द आपल्या सरहद्दीला आणून भिडविली, हाही त्यांचा आक्षेप होता. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, याच सरहद्दीवर युद्ध झाले.

घटनेचे शिल्पकार आणि धम्मदीक्षेचे प्रवर्तक म्हणून बाबासाहेबांना आपला समाज जाणतो. सभागृहात उभा राहून सरकारला जाब विचारणारा सदस्य, ही त्यांची भूमिका मात्र तितकीशी चर्चिली जात नाही. युद्ध आणि परराष्ट्रसंबंध हा दिल्लीतील जाणकारांचा विषय, आपला विषय शिष्यवृत्ती, जमीन आणि नोकरी, अशी एक विभागणी आपण नकळत स्वीकारली आहे. बाबासाहेबांना ही विभागणी मान्य नव्हती.

आधी सभागृहाची रीत समजून घेऊ. घटनेच्या सातव्या परिशिष्टातील संघसूचीत परराष्ट्रव्यवहार, परकीय राष्ट्रांशी करार आणि युद्ध व शांतता हे विषय येतात. त्यामुळे या विषयांवर नांदेड किंवा लातूरचा आवाज उठायचा तो संसदेतच. आपल्याकडे परराष्ट्राशी करार करण्याचा अधिकार कार्यकारी शासन वापरते. प्रत्येक कराराला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. म्हणूनच येथे सदस्याच्या प्रश्नाचे मोल अधिक. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. यांखेरीज विविध खात्यांच्या कारभाराची छाननी करणाऱ्या स्थायी समित्या आहेत. ही समितीपद्धती १९९३ मध्ये सुरू झाली, त्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर होते.

ही साधने हाती असताना विचारायचे काय? बाबासाहेबांच्या भाषणांतून तीन प्रश्न हाती लागतात.

पहिला प्रश्न खर्चाचा. १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी जे निवेदन दिले, त्यात हिंदू कोड बिल आणि अनुसूचित जातींची उपेक्षा यांच्याबरोबरच परराष्ट्रनीती हेही राजीनाम्याचे कारण सांगितले होते. वर्षाकाठी ३५० कोटी रुपये महसूल गोळा होतो आणि त्यातील सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, हा हिशेब त्यांनी मांडला. मित्र उरले नाहीत म्हणून हा भार वाहावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. सैन्याविषयी त्यांच्या मनात अनादर नव्हता. दुसऱ्या महायुद्धात महार पलटणीची पुन्हा उभारणी व्हावी म्हणून त्यांनीच आग्रह धरला होता. परंतु तोफेसाठी निघालेला रुपया दुसऱ्या कोणत्या तरी कामातून वजा होतो, हे ते विसरू देत नसत. ज्या घरातील मूल वसतिगृहाच्या अनुदानावर शिकते, त्या घराला ही वजाबाकी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा प्रश्न शांततेच्या किमतीचा. कोरियातील युद्धविराम १९५३ चा. व्हिएतनामचे दोन भाग करणारा जिनिव्हा करार जुलै १९५४ चा. महिनाभरातच बाबासाहेबांनी राज्यसभेत विचारले की, देशांचे तुकडे पाडून शांतता विकत घेतली जात असेल, तर तिची किंमत कोण मोजत आहे? शांतता सर्वांनाच हवी असते. ती कोणाच्या पदरचे घेऊन आणली, हे विचारणे लोकप्रतिनिधीचे काम.

हा प्रश्न मराठवाड्याला परका नाही. १९४७-४८ मध्ये आपले जिल्हे निजामाच्या राज्यात होते, आणि हैदराबादचे भवितव्य हाच एक आंतरराष्ट्रीय प्रश्न झाला होता. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. पॅरिस येथे १६ सप्टेंबरला परिषदेपुढे हा विषय आला, तेव्हा भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरून तीन दिवस लोटले होते. दुसऱ्या दिवशी निजामाने हार पत्करली. हैदराबादेतील अनुसूचित जातींनी कोणत्याही परिस्थितीत निजामाची बाजू घेऊ नये, असे बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच जाहीरपणे बजावले होते. रझाकारांचा जुलूम आणि त्यानंतरच्या कारवाईच्या काळात उसळलेला हिंसाचार, या दोहोंच्या आठवणी आपल्या गावांत आहेत. पॅरिसच्या टेबलावरील कागद आणि गावकुसाबाहेरचे घर यांच्यातील अंतर आपण समजतो तेवढे लांब नसते.

तिसरा प्रश्न पुनर्रचनेचा. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्ध चालू असतानाच युद्धोत्तर पुनर्रचनेचा विचार सुरू झाला आणि वीज व सार्वजनिक बांधकामाच्या धोरणसमितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २५ ऑक्टोबर १९४३ च्या बैठकीत त्यांनी समितीपुढे प्रश्नांची मालिकाच ठेवली : वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? आणि मुळात वीज कशासाठी? स्वस्त व मुबलक विजेवाचून उद्योग नाहीत, आणि उद्योगांवाचून या देशातील माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, हे त्यांचे उत्तर होते. पुनर्रचना म्हणजे मोडलेले होते तसे पुन्हा उभे करणे, हा अर्थ त्यांनी स्वीकारला नाही.

पुनर्रचना काय असते, हे लातूरने पन्नास वर्षांनी अनुभवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. पुढील पुनर्वसन जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने झाले; म्हणजे आपल्या गावातील भिंतीही एका आंतरराष्ट्रीय करारावर उभ्या राहिल्या. बावन्न गावे नव्या जागी वसविताना घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला : भूमिहीन व अत्यल्प जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४५०, मोठ्या जमीनधारकांना ७५०. घरे पक्की झाली, हे खरेच. अनेकांना आयुष्यात प्रथमच सिमेंटचे छप्पर मिळाले. परंतु धरणीने एका क्षणात सर्वांना सारखे केले होते आणि नकाशाने त्यांना पुन्हा जुन्या उतरंडीत बसविले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीनच मिळाली नाही, त्यांच्या घराचे माप जमिनीवरून का ठरावे? हा प्रश्न करार होताना विचारला जायला हवा होता. घरे बांधून झाल्यावर त्याचे उत्तर भिंतींत गाडले जाते.

बाबासाहेबांचे प्रत्येक उत्तर आपण स्वीकारलेच पाहिजे, असे नाही. काश्मीरच्या विभाजनाची त्यांनी सुचविलेली योजना किंवा साम्यवादी राष्ट्रांविषयीची त्यांची कठोर भूमिका यांवर आंबेडकरी चळवळीतही मतभेद आहेत. केवळ गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हा उपदेश येथेही लागू पडतो. उत्तरे काळाबरोबर बदलतात. खर्च कोणाच्या वाट्याचा, शांततेची किंमत कोणाची आणि पुनर्रचना कोणासाठी, हे तीन प्रश्न मात्र आजच्या प्रत्येक युद्धवार्तेला आणि प्रत्येक करारालाही विचारता येतात.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून लातूरची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आज आपल्या वसतिगृहात पंचशील म्हणणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी उद्या त्या बाकावर बसले, तर ती अशक्य गोष्ट नाही. तोवर पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी एवढे करावे : घरात वर्तमानपत्राचे परराष्ट्राचे पान न उलटता वाचावे, आणि मुलाने त्यातले काही विचारले, तर 'ते आपल्या कामाचे नाही' असे त्याला सांगू नये.