हक्काची रजा

सुटी, रजा आणि गैरहजेरी हे तीन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांत मोठा भेद आहे. काम बंद असते त्या दिवशी सर्वांना मिळते ती सुटी. काम चालू असताना परवानगी घेऊन दूर राहणे म्हणजे रजा, आणि न कळवता घरी राहणे ही गैरहजेरी. रजेवर गेलेल्याची जागा त्याचीच राहते, हे रजेचे मुख्य लक्षण होय.

हा हक्क श्रमिकांना सहजासहजी मिळालेला नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोकणातून व घाटावरून हजारो माणसे कामाला येत. प्रारंभी त्यांना आठवड्याची ठरलेली सुटीही नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी-कामगारांना संघटित केले व त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

रजेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. गावी भाताची लावणी येई, आईबाप आजारी पडत, किंवा कामगार स्वतःच तापाने अंथरूण धरी. अशा वेळी घरी राहावे, तर मजुरी बुडे. शिवाय गिरणीच्या दाराशी रोज सकाळी कामाच्या आशेने माणसे उभी असत. मुकादम त्यांपैकी एकाला गैरहजर माणसाच्या साच्यावर लावी. त्याला ‘बदली कामगार’ म्हणत. त्या बिचाऱ्याचा यात काय दोष? त्यालाही पोट होतेच. पण गावाहून परतलेल्याला आपली जागा पुन्हा मिळेल, याची शाश्वती नसे. ती मिळवण्यासाठी कित्येकदा मुकादमाचा हात ओला करावा लागे.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, कारखान्यांचा नवा कायदा झाला. वर्षभर नोकरी केलेल्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळू लागली. म्हणजे ज्याने वर्षात २८० दिवस काम केले, त्याला १४ दिवसांची रजा मिळे. तिच्यासाठी १५ दिवस आधी अर्ज करावा लागे. आजारपणात मात्र ही अट नसे. आजार काही आधी सांगून येत नाही!

आधी कळवण्याची ही अट उगीच घातलेली नव्हती. एक माणूस नसला, तर त्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. आधी कळले, म्हणजे त्याची तजवीज करता येते. म्हणून रजा हा जसा हक्क आहे, तशीच ती जबाबदारीही आहे.

तुम्हीही शाळेत रजेचा अर्ज देता. त्यात खरे कारण आणि नेमके दिवस लिहीत जा. ज्याच्या शब्दावर विश्वास बसतो, त्याला रजा देताना कोणी कचरत नाही.