परसांतील किवीचा वेल

न्यूझीलंडांतील व्हांगानुई येथील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर या चीनमधील यिचांगच्या मिशनांत असलेल्या आपल्या बहिणीस भेटून १९०४ सालीं परतल्या, त्या वेळीं त्यांनीं एका रानवेलाचें बीं बरोबर आणलें. अलेक्झांडर अ‍ॅलिसन यांच्या हातून तें रुजलें आणि १९१० मध्यें त्या वेलांना फळें धरलीं. हेवर्ड राइट यांनीं पुढें निवडलेली व जगभर पसरलेली 'हेवर्ड' ही हिरव्या किवीची जात त्याच वंशांतली. या वंशाच्या मुळाशीं दोन मादी व एक नर असे अवघे तीनच वेल होते, असें मानतात. तो एक नर निघाला नसता, तर बाकीचे दोन नुसते फुलत राहिले असते.

परसांत किवी लावणाऱ्याची फसगत बहुधा येथेंच होते. जागा थोडी म्हणून तो एकच वेल आणतो, मांडव घालतो, तीन-चार वर्षें निगा राखतो. मांडव पांढऱ्या फुलांनीं भरून जातो आणि सारीं फुलें गळून पडतात. दोष खताचा नसतो. मादी-फुलांतही पुंकेसर दिसतात, पण त्यांवरील पराग वांझ असतो. नर-फुलाचा पराग सकस, परंतु त्याला फळ धरत नाहीं. तेव्हां दोन्ही वेल हवेत, आणि तेही एकाच वेळीं फुलणारे. हेवर्ड उशिरां फुलते, म्हणून तिच्या जोडीला 'तोमुरी'सारखा उशिरां फुलणारा नर घ्यावा. जागाच नसेल तर मादी-वेलावर नराची एक फांदी कलम करावी. मात्र तिला चिंधी बांधून ठेवावी, नाहींतर छाटणीच्या भरांत तीच आधीं कापली जाते!

या फुलांत मध नसतो. मधमाश्या केवळ परागासाठीं येतात, आणि शेजारीं मधाळ फुलें असलीं तर तिकडेच वळतात. म्हणून फुलोऱ्याच्या वेळीं नर-फूल खुडून तें मादी-फुलाच्या मधोमध असलेल्या स्त्रीकेसरांवर हलकेच फिरवावें. एका फुलानें चार-पांच फुलें सहज होतात. फळाचा आकार बियांच्या संख्येवर ठरतो व मोठ्या फळांत त्या हजारावर असतात, हें ध्यानीं घेतलें म्हणजे हा खटाटोप वायफळ वाटत नाहीं.

मुळांशीं पाणी तुंबूं देऊं नये. वाऱ्यास आडोसा करावा. कोवळ्या रोपास मांजरांपासून जपावें. त्याच्या वासानें तीं वेडावतात. हिवाळ्याची थंडी मात्र वेलाला हवीच. हिमाचल प्रदेशांतील डोंगरांत तो फळतो, कोंकणांत फळायचा नाहीं.

एकदां फळलेली फूट पुन्हां फळत नाहीं. गेल्या वर्षीच्या काडीवर जी नवी फूट येते तिलाच फळ धरतें, म्हणून हिवाळ्यांत जुन्या काड्या काढाव्या. छाटणी वसंतापर्यंत लांबली तर कापल्या जागेंतून रस ठिबकत राहतो. नर मात्र फुलून गेल्यावर छाटावा. फळें टणक असतांच उतरवावीं आणि लागतील तेवढींच सफरचंदांत ठेवून मऊ करावीं.